शेतकरी बाई ‘इतर अधिकारा’तच का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले आहे. वर्षभर मेळावे होतील, शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतील, यशोगाथा छापून येतील. त्याला आमची हरकत नाही. पण बाईला शेतकरी मानले की नाही, याचा निकाल तलाठी कार्यालयात लागतो आणि तिथल्या एका रकान्याची चर्चा कुठेच होत नाही, म्हणून हे पत्र.

सातबारा उघडून पाहा. एका बाजूला भोगवटादाराचे, म्हणजे जमीन ज्याच्या नावे आहे त्या खातेदाराचे नाव; बोलण्यात हेच ‘कब्जेदार सदर’. दुसऱ्या बाजूला कुळाचे नाव आणि ‘इतर अधिकार’. या इतर अधिकारात सोसायटीचा बोजा असतो, विहिरीतला हिस्सा असतो, वहिवाटीचा रस्ता असतो आणि जुन्या उताऱ्यांवर पुष्कळदा त्याच रांगेत आई, विधवा सून आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणी असतात. बाप वारला की मुलगे कब्जेदार सदरी आणि बायका इतर अधिकारात, अशी ही जुनी रीत. काही गावांत तेवढेही केलेले नसते. थोरल्या मुलाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असे लिहून बाकीचे वारस उताऱ्यावर येतच नाहीत.

विधवेला पोटगीपुरता किंवा हयातीपुरताच हक्क होता, त्या काळातली ही सवय आहे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगी आणि आई यांना मुलाच्या बरोबरीने पहिल्या वर्गातले वारस केले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः सहहिस्सेदार मानले, २००५ मध्ये ते देशभर लागू झाले आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही. कायदा इतका पुढे गेला तरी रकाना बदलायला कोणी बसले नाही.

रकान्याने एवढे काय बिघडते? पीक कर्जाला बँक सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या गावातल्या एकूण जमिनीचा उतारा, मागते, आणि आठ-अ खातेदाराच्या नावाचा असतो. शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, आता राज्यात योजनांसाठी आवश्यक झाला आहे. तो खातेदाराचाच निघतो. भूसंपादनाची नोटीस, अतिवृष्टीची भरपाई, ठिबकचे अनुदान, सगळ्यांची वाट त्याच नावावरून जाते. इतर अधिकारातल्या बाईचा हक्क कायद्याने शाबूत असतो, पण तो वापरायचा कुठे? केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये ग्रामीण भागातल्या काम करणाऱ्या स्त्रियांपैकी ७६.९ टक्के शेतीत होत्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४९.४ टक्के. आणि २०१५-१६च्या कृषी गणनेत वहितीधारक म्हणून नोंदलेल्या स्त्रिया किती? देशभरात जेमतेम १४ टक्के. निंदणी, खुरपणी, लावणी, वेचणी करणारे हात आणि कागदावरचे नाव यांच्यातले अंतर या दोन आकड्यांत दिसते. घरातले बिनपगारी काम वेगळेच: २०२४च्या कालवापर सर्वेक्षणात बायकांचे त्यात दिवसाला २८९ मिनिटे जातात, पुरुषांची ८८.

जगाच्या विकासनीतीने हीच चूक मोठ्या प्रमाणावर केलेली आहे आणि स्त्रीवादी अर्थशास्त्राने पन्नासहून अधिक वर्षे ती दाखवून दिलेली आहे. डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसेरुप यांनी १९७० मध्ये मांडले की आफ्रिकेच्या मोठ्या भागात शेती बायकाच करत होत्या. वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी मात्र शेतकरी म्हणजे पुरुष असे धरून नवी अवजारे, नगदी पिके, प्रशिक्षण आणि जमिनीची नोंद पुरुषांना दिली. त्यातून दोघांच्या उत्पादकतेत दरी पडली आणि मग त्याच दरीकडे बोट दाखवून बाईची शेती मागासलेली ठरवली गेली. या मांडणीनंतर अमेरिकेने १९७३ मध्ये परदेशी मदतीच्या कायद्यात स्त्रियांचा विचार सक्तीचा केला, १९७५ मध्ये मेक्सिको शहरात पहिली जागतिक महिला परिषद झाली आणि ‘स्त्रियांना विकासात सामावून घ्या’ ही घोषणा रूढ झाली.

त्या घोषणेतली खोट १९८१ मध्ये लूर्देस बेनेरिया आणि गीता सेन या अर्थतज्ज्ञ स्त्रियांनी दाखवली. बायका विकासाच्या बाहेर राहिलेल्या नाहीत, त्या आतच आहेत, फक्त सर्वांत वाईट अटींवर, असे त्यांचे म्हणणे. १९८४ मध्ये बेंगळुरूत अर्थतज्ज्ञ देवकी जैन यांच्या पुढाकाराने ‘डॉन’ हे विकसनशील देशांतल्या अभ्यासक स्त्रियांचे जाळे उभे राहिले, त्याची भूमिकाही याच अंगाची होती. आमच्या मते आजच्या महाराष्ट्रालाही हीच मांडणी लागू पडते. इथली बाई शेतीत आहेच. तिच्यासाठी आणखी एक प्रशिक्षण वर्ग काढून तिच्या अटी बदलत नाहीत.

नुसते नाव लावूनही कसे फसते, याचे उदाहरण गांबियाचे आहे आणि ते जरा सविस्तर सांगणे भाग आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या या छोट्या देशात नदीकाठच्या दलदलीत भात पिकवणे हे परंपरेने बायकांचे काम. मांडिंका समाजात जमिनीचे दोन प्रकार: ‘मारुओ’, म्हणजे सगळ्या वाड्याची, तिचे पीक कुटुंबप्रमुखाच्या ताब्यात, आणि ‘कामान्यांगो’, म्हणजे एकटीची, तिचे पीक तिचे, विकले तर पैसाही तिचा. १९८०च्या दशकात जहाली-पचार या सुमारे १,५०० हेक्टरच्या सिंचन प्रकल्पाला ‘इफाड’ या संयुक्त राष्ट्रांच्या निधीसह अनेकांनी पैसा दिला. बायकांची खाचरे एकत्र करून, समतल करून, वर्षाला दोन पिके घ्यायची अशी योजना. सुरुवातीला तुकडे पुरुषांच्या नावे नोंदले गेले. बायकांनी गिल्ला केल्यावर नोंद बदलून बायकांच्या नावे झाली. अहवालात प्रकल्प यशस्वी ठरला! पण प्रकल्पाची जमीन ‘मारुओ’ मानली गेली. नोंद बाईची, पीक घरधन्याचे, आणि आता दोन हंगाम असल्याने तिची मेहनत बारमाही. स्वतःच्या कामान्यांगोला तिला जागाही उरली नाही आणि वेळही. काही ठिकाणी बायकांनी त्या खाचरांत राबणेच नाकारले, काही ठिकाणी टोळ्या करून मजुरीने जाऊ लागल्या.

म्हणून जमिनीच्या नोंदीबरोबरच बँक खाते कोणाचे आणि कापूस, सोयाबीन विकल्याची पट्टी कोणाच्या नावे निघते, हेही पाहावे लागते. पत्नीचे नाव उताऱ्यावर आहे, पण कर्जाची उचल, खताची खरेदी आणि व्यापाऱ्याकडची पट्टी नवऱ्याच्या सहीने, असे असेल तर आपलाही गांबिया होतो.

दुसरा धडा रवांडाचा. वंशसंहारानंतर त्या देशाने १९९९च्या कायद्याने मुलींना वारसाहक्क दिला आणि पुढे देशभर जमिनीचा एकेक तुकडा मोजून एक कोटीहून अधिक तुकड्यांची नोंद केली. पती-पत्नी दोघांची नावे लावली गेली. सुरुवातीच्या प्रायोगिक भागांचा अभ्यास झाला तेव्हा दिसले की विवाहाची कायदेशीर नोंद असलेल्या बायकांचा हक्क बळकट झाला, मात्र ज्यांच्या लग्नाची नोंदच नव्हती त्यांची स्थिती आधीपेक्षा खालावली. पूर्वी रीतीने कसायला मिळत होते, ते कागदाने गेले. आपल्याकडे परित्यक्ता, नवऱ्याने टाकलेली, दुसरेपणाची अशा बायका नेमक्या याच जागी आहेत. नवरा हयात असताना पत्नीचा त्याच्या जमिनीत वारसा सुरू होत नाही. तो नांदवत नाही आणि उताऱ्यावर तिचे नाव नाही. ‘पत्नीचे नाव लावा’ एवढ्याच मोहिमेत ती बाहेर राहते. तिला माहेरच्या जमिनीतला हिस्सा हाच आधार, आणि तोच हक्कसोडपत्रावर सुटलेला असतो.

हक्काचा आणि उत्पादनाचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांसाठी घाना आणि बुर्किना फासो इथले अभ्यास पुरेसे आहेत. बुर्किना फासोत एकाच कुटुंबात, एकाच वर्षी, एकाच पिकाखाली असलेल्या नवरा-बायकोच्या वेगळ्या तुकड्यांत बाईच्या तुकड्याचे उत्पन्न सुमारे ३० टक्के कमी आढळले, कारण खत जवळजवळ सगळे आणि मजूरही जास्त नवऱ्याच्या तुकड्यावर. घानात आढळले की ज्यांना जमीन हातची जाण्याची भीती, त्या जमीन पुरेसा काळ पड ठेवत नाहीत. पड ठेवली तर दुसरा कोणी बळकावेल. बायकांत ही भीती जास्त. त्यामुळे जमिनीचा कस उतरतो. दिराच्या मर्जीवर दोन एकर कसणारी विधवा बांधबंदिस्ती का करत नाही, शेणखत का घालत नाही, फळबाग का लावत नाही, याचे उत्तर घानाच्याच बायकांनी दिले आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार सारख्याच आकाराच्या शेतात स्त्री-पुरुष व्यवस्थापनातली उत्पादकतेची तफावत २४ टक्के आहे. ही आणि मजुरीतली तफावत मिटली तर जगाचे सकल उत्पन्न १ टक्क्याने वाढेल आणि अन्नाची शाश्वती नसलेल्यांची संख्या साडेचार कोटींनी घटेल. दुसरा परिणाम पिकात मोजता येत नाही. अर्थतज्ज्ञ बिना अग्रवाल आणि प्रदीप पांडा यांच्या केरळमधल्या पाहणीत नावावर काहीच नसलेल्या ४९ टक्के विवाहित बायकांनी दीर्घकाळ मारहाण सोसल्याचे सांगितले. जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, जमीन आणि घर दोन्ही असलेल्यांत ७ टक्के.

महाराष्ट्राने हा विचार बाहेरून उसना घ्यायची गरज नाही. १९८६ मध्ये चांदवडच्या अधिवेशनात शेतकरी महिला आघाडीने तो मांडला. पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात शेकडो गावांतल्या शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करून द्यायला लावली. शासनानेही १९९२ मध्ये परिपत्रक काढून पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. ती आजही किती जणांना ठाऊक आहे? अर्ज नवऱ्याने करायचा असतो. जमीन अजून सासऱ्याच्या नावावर असेल तर मुलाकडे द्यायला काहीच नसते, हा पहिला अडथळा. भाऊबंदांचा सामाईक गट असेल तर आधी वाटप. आणि नाव लागताना ‘सामाईक’ एवढ्यावर समाधान मानू नये. हिस्सा आणि क्षेत्र लिहून घ्यावे, नाहीतर पुढे दहा जणांच्या संमतीशिवाय तिला काही करता येत नाही.

विधवांचे काम वारस नोंदीने होते. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा ई-हक्क संकेतस्थळावर अर्ज करावा. मृत्यूचा दाखला, आठ-अ, सर्व वारसांची वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र लागते. वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते, चौकशीनंतर फेरफार धरला जातो, नोटिशीवर हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि तिथे वेळ लागतो.

घोळ होतो तो वंशावळीत. अर्ज घेऊन जाणारा बहुधा भाऊ किंवा दीर, आणि तो बहिणींची नावे गाळतो, विधवेची मुलगी गाळतो. मृत खातेदारांच्या वारसांची नावे लावण्याची राज्यव्यापी मोहीम २०२५ मध्ये झाली, तिचे आम्ही स्वागतच करतो. पण गतीने झालेल्या कामात हा धोका वाढतो, म्हणून त्या नोंदींची गावसभेत वंशावळ वाचून तपासणी व्हावी. दुसरा घोळ नावाचा. आधार कार्डावर सासरचे नाव आणि उताऱ्यावर माहेरचे, असे असले की फार्मर आयडीची जुळणी अडते. नाव बदलाचे राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला आधीच काढून ठेवावा. तिसरा, सर्वांत घातक, साध्या कागदावरचा जबाब: ‘मला हिस्सा नको’ असे लिहून घेऊन बहिणीचे नाव कमी केलेले फेरफार जुन्या दप्तरात पुष्कळ सापडतात. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदणीकृत हवा. तो नसेल तर असा फेरफार आव्हान देण्याजोगा आहे. बहिणींनी तेराव्याच्या गर्दीत कशावरही सही करू नये आणि भावांनीही तेव्हा कागद पुढे करू नये.

शासनाकडून अपेक्षा अशा आहेत. इतर अधिकारातल्या सर्व स्त्री वारसांची यादी गावनिहाय काढून, त्यांच्या अर्जाची वाट न पाहता, नोटीस देऊन त्यांना कब्जेदार सदरी आणावे, ‘ए.कु.मॅ.’च्या नोंदींखाली दबलेल्या वारसांचेही तसेच. राज्याने २०२१ पासून महिलांच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत दिली, पण ती निवासी मिळकतीपुरती आहे. शेतजमिनीला का नाही? नेपाळने बायकांच्या नावे नोंदणीला शुल्कात सूट दिली, आणि नावावर घर किंवा जमीन असलेल्या बायकांच्या कुटुंबांचे प्रमाण २००१ ते २०११ या दहा वर्षांत सुमारे ११ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या जवळ गेले. २००६च्या वनहक्क कायद्याने तर पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे देणे बंधनकारक केले आहे. जंगलात जे सक्तीचे, ते गावठाणालगतच्या शेतात ऐच्छिक का असावे, हे आम्हाला उमगत नाही.

पीएम-किसानचीही एक अडचण केंद्रापुढे मांडावी लागेल. त्या योजनेत १ फेब्रुवारी २०१९ नंतर झालेला फेरफार, वारसाने आलेली जमीन सोडली तर, धरला जात नाही आणि लाभ कुटुंबात एकालाच मिळतो. म्हणजे ज्या नवऱ्याने आज आपखुशीने जमीन बायकोच्या नावे केली, त्या कुटुंबाचा हप्ता थांबू शकतो. पत्नीच्या नावे झालेल्या फेरफाराला या अटीतून वगळले पाहिजे.

ज्यांच्याकडे जमीनच नाही, ठोक्याने किंवा बटाईने करतात, त्यांच्यासाठी डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी २०१२ मध्ये राज्यसभेत मांडलेल्या विधेयकात उपाय होता: गावसभेच्या मान्यतेने ग्रामपंचायतीने महिला शेतकरी प्रमाणपत्र द्यायचे आणि त्यावर कर्ज, विमा, बियाणे मिळायचे. विधेयक बारगळले, पण प्रमाणपत्राची सोय राज्य स्वतःच्या योजनांपुरती आजही करू शकते. केरळात कुटुंबश्री या राज्य सरकारच्या बचतगट कार्यक्रमातले महिला गट भाड्याच्या जमिनीवर सामूहिक शेती करतात, नाबार्डच्या गटकर्जातून भांडवल घेतात आणि त्यांचे हेक्टरी उत्पादन मूल्य तिथल्या वैयक्तिक शेतांच्या सुमारे १.८ पट आढळले आहे. आपल्याकडे कूळ लागेल या धास्तीने मालक लिहून देत नाही, म्हणून तोंडी व्यवहारावर कसणाऱ्या बायका विम्यालाही मुकतात.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणी आहे. सातबाऱ्यावर स्त्री-पुरुष असा रकाना नाही, त्यामुळे तालुक्यात महिला खातेदार किती, याचा आकडा कोणी सहज सांगत नाही. फार्मर आयडीच्या नोंदणीत तो आता काढता येतो. आपल्या तालुका वार्ताहरांनी तहसीलदारांकडे तीन आकडे मागावेत: कब्जेदार सदरी किती स्त्रिया, त्यांत स्वतंत्र खाते किती आणि सामाईक किती, आणि इतर अधिकारात किती. मिळतील ते तालुकावार छापावेत, आणि ज्या तालुक्यातून मिळणार नाहीत त्याचे नाव तसेच छापावे.

आपल्या,
महिला जमीन हक्काच्या क्षेत्रात काम करणाऱ्या वाचक